सरकारी खरेदीचे करार आणि वाळूजचा निविदाकार

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या भाच्याचा छोटासा कारखाना आहे. रुग्णालयांना लागणारे फाउलर कॉट, सलाइन स्टँड, स्ट्रेचर ट्रॉली असा माल तिथे तयार होतो. अकरा कामगार, पाइप वाकवण्याची दोन यंत्रे आणि पावडर कोटिंगची एक भट्टी एवढाच त्याचा पसारा. मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्याच्या निविदांची कागदपत्रे पाहतो, कारण नोकरीतली बरीच वर्षे मी ठेकेदारांच्या बँक हमी करून देण्यात घालवली आहेत आणि निविदेतल्या बारीक अक्षरांची मला सवय आहे. दोन वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्याच एका सरकारी कार्यालयाने कॉटसाठी निविदा काढली. तिच्या तांत्रिक तपशिलात पाइपची जाडी, रंगाच्या छटेचा क्रमांक आणि उशाकडच्या कमानीचा आकारसुद्धा एका विशिष्ट उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेतून उतरवलेला होता. वाक्यांचा क्रमही बदललेला नव्हता. शिवाय, निविदाकाराने याच विभागाला मागील तीन वर्षांत किमान दोनदा पुरवठा केलेला असावा, अशी अट होती. मुदत आठ दिवसांची होती आणि त्यांतले दोन दिवस सुट्टीचे. भाच्याने तरीही निविदा भरली. तांत्रिक लिफाफा उघडल्यावर संकेतस्थळावर त्याच्या नावापुढे ‘अपात्र’ एवढा एकच शब्द आला. कारण विचारायला तो दोनदा कार्यालयात गेला, तेव्हा ‘समितीने ठरवले आहे’ यापलीकडे कोणी काही सांगितले नाही.

२४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यातील व्यापार करारावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि त्यात सरकारी खरेदीचे स्वतंत्र प्रकरण असल्याचे वर्तमानपत्रांत आले, तेव्हा वसाहतीतल्या चहाच्या टपरीवर सूर एकच होता : आता विलायतेचे लोक येऊन आपल्या निविदा नेणार. ही भीती मी समजू शकतो, पण ती चुकीच्या दिशेला तोंड करून उभी आहे असे मला वाटते. माझ्या भाच्याची निविदा कोणा ब्रिटिश कंपनीने नेली नव्हती. व्यापारी भागीदार देश सरकारी खरेदीबाबत एकमेकांना जे नियम देऊ करतात, त्यांतला दार उघडण्याचा भाग आपल्याकडे फार चर्चिला जातो आणि खरेदी कशी करावी हे सांगणारा भाग कोणी वाचतच नाही. मराठवाड्यातल्या लघुउद्योजकाच्या कामाचा आहे तो हा दुसरा भाग.

आधी थोडा इतिहास सांगायला हवा, कारण त्याशिवाय भारताची भूमिका कळत नाही. १९४७ च्या गॅट या जागतिक व्यापाराच्या करारात परदेशी मालाला देशी मालासारखीच वागणूक द्यावी असे तत्त्व होते. मात्र तिसऱ्या कलमाच्या आठव्या उपकलमाने सरकारच्या स्वतःच्या वापरासाठीच्या खरेदीला त्यातून वगळले होते. जगातल्या बहुतेक सरकारांना आपला पैसा आपल्याच लोकांकडे खर्च करायचा होता आणि ते स्वाभाविकही होते. पुढे गॅटच्या वाटाघाटींच्या टोकियो फेरीत १९७९ मध्ये काही देशांनी आपसांत खरेदीसंहिता केली. तिचेच विस्तारित रूप म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा सरकारी खरेदी करार, जो १९९६ पासून अमलात आहे आणि ज्याची सुधारित आवृत्ती ६ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. तो सर्व सदस्यांवर बंधनकारक नाही. ज्यांना हवा त्यांनी स्वीकारावा असा तो आहे आणि आज त्यात बावीस पक्ष आहेत. युरोपीय संघ एकच पक्ष धरला तरी त्याचे सत्तावीस देश मोजून ही संख्या एकोणपन्नास सदस्यांपर्यंत जाते. चीनने २००७ च्या अखेरीस अर्ज केला, पण तो अजून बाहेरच आहे. भारत २०१० पासून निरीक्षक आहे, सदस्य नाही.

जागतिक व्यापार संघटनेच्या १९९६ च्या सिंगापूर परिषदेत खरेदीतील पारदर्शकतेचा विषय पुढे आला तेव्हा भारताने त्याला विरोध केला. २००३ मध्ये कान्कूनची परिषद ज्या मुद्द्यांवर फिसकटली त्यांत हाही होता, आणि २००४ मध्ये तो वाटाघाटींतून काढून टाकण्यात आला. त्या वेळचा विरोध मला चुकीचा वाटत नाही. पारदर्शकतेच्या बोटाला धरून बाजारपेठेचा हात ओढला जाईल हा संशय रास्त होता, आणि सरकारी मागणी हे नवख्या उद्योगाला उभे करण्याचे साधन आहे हे जपान, कोरिया या देशांनी वापरून दाखवलेले सत्य होते. पण त्या विरोधाची एक किंमत आपण मोजली. पारदर्शकता ही जणू परक्यांची मागणी आहे अशी समजूत आपल्या कार्यालयांत रुजली. खरे तर ती आपल्याच निविदाकाराची गरज होती.

त्यानंतर दिशा बदलली. संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा करार १८ फेब्रुवारी २०२२ रोजी झाला आणि १ मेपासून लागू झाला. अशा करारात बाजारपेठ खुली करणारे सरकारी खरेदीचे प्रकरण भारताने पहिल्यांदा तिथे स्वीकारले. ब्रिटनबरोबरच्या करारात पाऊल आणखी पुढे पडले. ब्रिटिश सरकारच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या पुरवठादारांना भारताच्या केंद्रीय संस्थांच्या वर्षाकाठी सुमारे ४०,००० निविदांत भाग घेता येईल आणि त्यांचे मूल्य किमान ३८ अब्ज पौंड आहे. आकडा मोठा आहे, म्हणूनच त्याच्याभोवतीची कुंपणे नीट पाहायला हवीत. राज्य सरकारे, जिल्हा परिषदा, महानगरपालिका या करारात नाहीत. ठरावीक मूल्याच्या खालची खरेदी त्यात येत नाही. लघुउद्योगांसाठीचे प्राधान्य भारताने राखून ठेवले आहे. वाळूजमध्ये कॉट बनवणाऱ्याचा आणि या दाराचा आज थेट संबंध जवळपास नाही.

सर्वाधिक टीका होते ती वीस टक्के ब्रिटिश मूल्य असलेल्या मालाला स्थानिक दर्जा देणाऱ्या तरतुदीवर, आणि ती टीका निराधार नाही. ‘मेक इन इंडिया’ला प्राधान्य देणारा खरेदी आदेश जून २०१७ मध्ये निघाला आणि २०२० मध्ये तो कडक झाला. पन्नास टक्के किंवा अधिक स्थानिक मूल्य (म्हणजे मालाच्या किमतीतला देशातच तयार झालेला वाटा) असलेला पुरवठादार पहिल्या वर्गात, वीस ते पन्नास टक्क्यांमधला दुसऱ्या वर्गात आणि त्याखालचा बिगरस्थानिक, अशी त्याची मांडणी आहे. प्राधान्य मिळते ते पहिल्या वर्गाला : सर्वांत कमी दर दुसऱ्याचा असला आणि पहिल्या वर्गातल्याचा दर त्याच्या वीस टक्क्यांच्या आत असला, तर त्याला तो दर स्वीकारून काम घेण्याची संधी मिळते. दोनशे कोटींपर्यंतच्या खरेदीला जागतिक निविदा काढायची नाही, असाही नियम २०२० मध्येच झाला. आता ब्रिटिश कंपनीच्या मालात किमान वीस टक्के ब्रिटिश मूल्य असेल, तर तिला दुसऱ्या वर्गातला स्थानिक पुरवठादार धरायचे ठरले आहे. म्हणजे उरलेले ऐंशी टक्के कुठून आले याचा हिशेब कोण ठेवणार, हा प्रश्न राहतोच. मूल्य मोजण्याची पद्धत दोन्ही देशांनी मिळून ठरवली आणि तपासणीत एकमेकांना माहिती दिली तरच या तरतुदीला अर्थ राहील. नाहीतर तिसऱ्याच देशाचा माल लंडनचे लेबल लावून दिल्लीत उतरेल. पण हेही सांगितले पाहिजे की, आपल्याकडची तपासणीसुद्धा फार कसोशीची नाही. दहा कोटींपर्यंतच्या खरेदीत स्थानिक मूल्याचे प्रमाणपत्र निविदाकार स्वतःच देतो. लेखापरीक्षकाचे प्रमाणपत्र लागते ते त्यावर. पेटीवरचा मूळ देशाचा शिक्का खरवडून त्यावर स्वतःचा चिकटवणारे लोक मी बँकेत असताना पाहिले आहेत, आणि त्यांच्या पासपोर्टवर भारताचेच नाव होते.

देशी मालाचा आग्रह आणि सरकारी खरेदी यांतली सीमा किती बारीक असते, याचा धडा आपल्याला सौरऊर्जेने दिला आहे. २०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानात प्रकल्पांनी देशी सौरघट वापरावेत अशी अट होती. अमेरिकेने २०१३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. ही सरकारी खरेदी आहे, म्हणून गॅटच्या सवलतीत बसते, असे भारताचे म्हणणे होते. निवाडा मंडळाने आणि सप्टेंबर २०१६ मध्ये अपील मंडळाने ते मान्य केले नाही, कारण सरकार विकत घेत होते ती वीज, सौरघट नव्हेत. पुढे भारताने अमेरिकेतल्या राज्यांच्या तशाच योजनांविरुद्ध तक्रार केली आणि २०१९ मध्ये निवाडा भारताच्या बाजूने लागला. म्हणजे जो नियम आपल्याला अडवतो तोच दुसऱ्यालाही अडवतो, एवढा समान न्याय तिथे आहे. पण दोन्ही देशांनी आधीच बसून खरेदी म्हणजे काय हे स्पष्ट केले असते, तर दोघांचीही बरीच वर्षे वाचली असती. भागीदार देशांमधल्या सहकार्याचा हा बिनतक्रार उपयोग आहे, आणि त्याची बातमी कधीच होत नाही.

आता खरेदी कशी करावी हे सांगणाऱ्या भागाकडे येतो. जागतिक व्यापार संघटनेचा खरेदी करार वाचताना मला सारखी भाच्याची ती निविदा आठवत होती. तांत्रिक तपशील शक्यतो वस्तूने काय काम करावे या भाषेत असावा, विशिष्ट ब्रँड किंवा उत्पादक त्यात येऊ नये, आणि नाव दिल्याशिवाय वर्णनच करता येत नसेल तर ‘किंवा समतुल्य’ हे शब्द घालावेत, असे तो सांगतो. त्या देशातल्या सरकारी संस्थेने पूर्वी कंत्राट दिले असले पाहिजे अशी अट सहभागासाठी घालता येणार नाही. आवश्यक तिथे अनुभव मागता येतो, पण तो अनुभव अमुक विभागाकडचाच हवा असे म्हणता येत नाही. निविदा भरायला साधारण चाळीस दिवस द्यावेत. ऑनलाइन पद्धत वापरली तर त्यातले काही दिवस कमी करता येतात, पण खरी तातडी असली तरी दहा दिवसांच्या खाली जाता येत नाही. हरलेल्याने विचारले तर त्याला कारण सांगावे लागते. आणि त्याला दाद मागण्यासाठी स्वतंत्र, निःपक्षपाती यंत्रणा असावी लागते, जिच्याकडे जायला किमान दहा दिवस मिळतात. आठ दिवसांची मुदत, ‘याच विभागाला दोनदा पुरवठा’, पुस्तिकेतून उतरवलेली कमान आणि ‘समितीने ठरवले आहे’ : चारही गोष्टी या नियमांत बसल्या नसत्या.

भारत या कराराचा सदस्य नसला तरी अलीकडच्या द्विपक्षीय करारांतली खरेदीची प्रकरणे साधारण याच साच्यावर बेतलेली आहेत. त्यातून एक विचित्र स्थिती तयार होते. केंद्रीय मंत्रालयाच्या मोठ्या निविदेत उतरलेल्या बर्मिंगहॅमच्या कंपनीला योग्य वागणुकीची हमी दोन सरकारांमधल्या करारानेच मिळते, आणि ती मिळाली नाही तर तिचे सरकार तिच्या मागे उभे राहू शकते. कन्नड किंवा उदगीरच्या निविदाकाराला आपल्याच जिल्ह्यातल्या कार्यालयाकडून तीच वागणूक हवी असेल, तर त्याच्या हाती उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका एवढाच खात्रीचा मार्ग उरतो. पण तिचा खर्च त्या कंत्राटातल्या नफ्यापेक्षा जास्त असतो, आणि निविदेच्या बाबतीत न्यायालयांनी स्वतःच हात आखडता ठेवण्याचे धोरण सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या टाटा सेल्युलर निवाड्यापासून स्वीकारले आहे.

परक्याला दिलेले काढून घ्या, असे माझे म्हणणे नाही. परक्याला देताना आपण ज्या गोष्टी शक्य आहेत असे कबूल केले, त्या घरच्याला देता येत नाहीत असे आता कोणाला म्हणता येणार नाही, इतकेच माझे म्हणणे आहे. संपूर्ण देशासाठी सार्वजनिक खरेदीचा कायदा करण्याचे विधेयक २०१२ मध्ये लोकसभेत आले आणि ती लोकसभा संपताच व्यपगत झाले. तामिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये आपापले कायदे केले. त्यांत अपिलाची सोय आहे. महाराष्ट्राची सर्वसाधारण खरेदी मात्र शासन निर्णयांवर चालते, ज्यांत १ डिसेंबर २०१६ च्या खरेदी कार्यपद्धतीचा निर्णय प्रमुख आहे. शासन निर्णय वाईट असतो असे नाही. पण तो एका शुद्धिपत्रकाने बदलता येतो, आणि त्याच्या भंगाबद्दल जाब विचारण्याची जागा बहुतेक वेळा तोच विभाग असतो.

बाहेरच्या गुंतवणुकीने आपल्या भागाला काय मिळू शकते आणि काय नाही, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. लातूरला मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याचे भूमिपूजन ३१ मार्च २०१८ रोजी झाले. वंदे भारत शयनयान गाड्यांच्या २०२३ च्या कंत्राटात रेल विकास निगम आणि रशियाची ट्रान्समॅशहोल्डिंग यांच्या संयुक्त कंपनीला मूळच्या हिशेबाने १२० गाड्यांचे काम मिळाले आणि ते लातूरच्या कारखान्यात करायचे ठरले. रशियाशी आपला असा खरेदी करार नाही. तरीही परदेशी कंपनी आली, कारण निविदेतच इथे उत्पादन करण्याची अट होती आणि शेड रेल्वेची होती. दार उघडायला करारच लागतो असे नाही, हे यातून दिसते. पण लातूरच्या वसाहतीतल्या फॅब्रिकेटरला विचारा, त्याचा प्रश्न वेगळाच असतो : त्या डब्यांतले बिजागर, आसनांच्या चौकटी, पाण्याच्या टाक्या यांतले काही त्याच्याकडून घेतले जाणार आहे का, आणि त्यासाठी लागणारी गुणवत्ता मान्यता त्याला कुठून आणि किती दिवसांत मिळेल? मुख्य कंत्राट कोणाला मिळाले यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. उपकंत्राट कसे वाटले जाते यावर कोणी लिहीत नाही. भागीदार देशांनी चाचणी अहवाल आणि प्रमाणपत्रे परस्परांची मानावीत, ही गोष्ट मला बाजारपेठेच्या आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते ती यामुळेच. चिकलठाणा, शेंद्रा आणि वाळूज इथल्या औषधनिर्मितीला ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत उतरायचे असेल, तर अडचण दराची नसते. एकाच गोळीची तपासणी दोनदा करण्यात जाणारा काळ आणि पैसा ही तिची अडचण असते.

परस्परतेचा मुद्दाही इथेच येतो. श्रीमंत देश खुल्या बाजाराचा उपदेश करतात आणि स्वतःच्या तिजोरीला कुलूप लावतात, हा आक्षेप खरा आहे. अमेरिकेचा ‘बाय अमेरिकन’ कायदा १९३३ चा आहे आणि तो अजून जिवंत आहे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये असे साधन तयार केले की, जो देश युरोपीय कंपन्यांना आपल्या खरेदीत घेत नाही त्याच्या कंपन्यांना युरोपातही रोखता यावे. जून २०२५ मध्ये पन्नास लाख युरोंवरच्या वैद्यकीय उपकरणांच्या खरेदीतून चिनी कंपन्यांना त्याने वगळले आणि पुढच्याच महिन्यात चीनने तसेच उत्तर दिले. भारताच्या २०२० च्या आदेशातही अशी परस्परतेची अट आहेच. मला यात वावगे काही दिसत नाही. दोन्ही बाजूंना काही गमवायचे असेल तरच नियम पाळले जातात.

या सर्व करारांत मात्र एक गोष्ट जवळजवळ अनुपस्थित आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मराठवाड्यातल्या कोणत्याही ठेकेदाराचे समाधान होणार नाही : देयक कधी मिळणार. निविदा कशी काढावी यावर पानेच्या पाने आहेत, पण माल उतरवून घेतल्यानंतर पैसे किती दिवसांत द्यावेत यावर जागतिक व्यापार संघटनेचा करार गप्प आहे. आपल्याकडे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात कमाल पंचेचाळीस दिवसांची मर्यादा आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. ज्या कार्यालयाकडे पुढच्या वर्षी पुन्हा निविदा भरायची आहे, त्याच्याकडे व्याज मागणारा माणूस मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. मार्चअखेर निधी आला तर बिल निघते, नाहीतर पुढच्या अंदाजपत्रकाची वाट पाहायची. तोवर रोखकर्जाच्या खात्यावर चढणारे व्याज ठेकेदार पुढच्या दरात मिळवतो आणि सरकार तोच कॉट महाग घेते. ब्रिटनचा नवा खरेदी कायदा फेब्रुवारी २०२५ मध्ये लागू झाला. त्यात तीस दिवसांत देयक ही अट सार्वजनिक कंत्राटात गृहीतच धरली आहे आणि ती उपकंत्राटदारापर्यंत खाली झिरपते. ब्रिटनकडून काही मागायचेच होते, तर ही तरतूद कशी राबवली जाते ते अधिकाऱ्यांना तिथे पाठवून शिकून घ्यायला हवे होते. खरेदीच्या प्रकरणांत सहकार्याच्या समित्या नेमायची पद्धत असते. त्यांच्या पहिल्या बैठकीला हाच विषय ठेवता येईल.

राज्याने स्वतःचा खरेदी कायदा करावा, ही मागणी मसिआ आणि सीएमआयए यांसारख्या मराठवाड्यातल्या उद्योजकांच्या संघटनांनी भूखंड आणि वीजदरांइतक्याच नेटाने करायला हवी. त्यात फार नवे काही शोधायचे नाही. अपात्रतेचे कारण लेखी आणि ठरावीक दिवसांत. त्या कारणाविरुद्ध विभागाबाहेरच्या अधिकाऱ्याकडे अपील. अपील निकाली निघेपर्यंत कार्यादेश नाही. कमी मुदतीच्या निविदेला लेखी समर्थन. आणि देयकाच्या विलंबाचे व्याज ठेकेदाराने न मागता आपोआप जमा. लघुउद्योगाचे प्राधान्य यातून कमी होत नाही. केंद्रीय संस्थांनी वार्षिक खरेदीपैकी पंचवीस टक्के सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून घ्यावी असे धोरण आहे. तसाच वाटा राज्यानेही कायद्यात घालावा. मात्र त्या वाट्यातली स्पर्धाही कारणे देऊनच व्हावी. राखीव वाटा हा मर्जीतल्या ठेकेदाराचा राखीव वाटा होण्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत, आणि ते काम कोणा परदेशी कंपनीने केलेले नाही.

भाच्याने गेल्या वर्षभरात पाच निविदा भरल्या. त्या सगळ्या जेम या केंद्राच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवरच्या होत्या. दोन मिळाल्या, तीन गेल्या. आपल्या जिल्ह्यातली एकही का भरली नाहीस, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मामा, जेमवर अपात्र केलं तर कशासाठी केलं ते पडद्यावर येतं, आणि दोन दिवसांत उत्तर देता येतं. मागच्या वेळी एक चाचणी अहवाल जुना निघाला. लगेच नवा करून घेतला.”